तीण्डाच्चेरी : तंजावरच्या भिंतीवरचा एक शब्द

देऊळ पाहायला जाणे आणि देऊळ वाचायला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहणारा मान वर करून शिखर न्याहाळतो. वाचणाऱ्याला खाली वाकून जोत्याच्या दगडावरची अक्षरे पाहावी लागतात. तंजावरच्या बृहदीश्वर देवळाला भेट देणारे बहुतेक लोक पहिल्या जातीचे असतात. त्यांना दोनशे फुटांहून उंच विमान दिसते, एका अजस्र दगडात कोरलेला नंदी दिसतो, विस्तीर्ण प्राकार दिसतो. भारावून जाऊन ते परत फिरतात. ज्या भिंतींना टेकून ते छायाचित्रे काढतात त्या भिंतींवर हजार वर्षांपूर्वीचे एक राज्याचे दफ्तर कोरलेले आहे, आणि त्या दफ्तरात आपले घराणे नोंदलेले आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते.

'आपले घराणे' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. तमिळ प्रदेशातील परैयर, पळ्ळर, चक्किलियर आणि महाराष्ट्रातील महार, मांग, चांभार यांची भाषा वेगळी, दैवते वेगळी, पोटजातींचे हिशेबही वेगळे. पण गावाच्या नकाशात त्यांची जागा एकच आहे. आपल्याकडे महारवाडा, त्यांच्याकडे चेरी. दोन्ही गावाला लागून आणि दोन्ही गावाबाहेर.

आपल्या चळवळीत देवळाविषयी एक भूमिका अशी आहे की, ज्या देवळाने आपल्याला उंबऱ्यावर उभे केले नाही त्या देवळाकडे आपण कशाला पाहायचे? धर्माच्या दृष्टीने ही भूमिका रास्त आहे. १९५६ साली नागपूरला जो निर्णय झाला त्यानंतर बृहदीश्वराशी आपले देणेघेणे उरलेले नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने ती अपुरी पडते. ज्यांना लिहिण्याची बंदी होती त्यांचा इतिहास त्यांच्या स्वतःच्या दफ्तरात सापडत नाही. तो दुसऱ्याच्या जमाखर्चात, एखाद्या वजावटीच्या रकान्यात सापडतो. म्हणून देव मानणे न मानणे बाजूला ठेवून दफ्तर तपासायला आपण गेलेच पाहिजे. वारसाने जुनी कागदपत्रे मागावीत तसा हा हक्क आहे.

सावली नसलेले शिखर

तंजावरला पाऊल ठेवताच पहिली भेट होते ती दंतकथेशी. या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, असे वाटाडे आवर्जून सांगतात. सावली पडते. सकाळी आणि सायंकाळी ती फरसबंद अंगणात लांबच लांब पसरलेली कोणालाही दिसते. ऊन चढले की लोक तिच्यातच बसतात. तरीही दंतकथा टिकून आहे. शिखरावरचा घुमटाकार भाग एकाच ८० टनी शिळेचा आहे, हेही असेच सांगितले जाते. प्रत्यक्षात तो अनेक दगड जुळवून केलेला आहे.

या कथा निरुपद्रवी वाटतात. पण सावली हा विषय आपल्या लोकांसाठी कधीच निरुपद्रवी नव्हता. पेशवाईत सवर्णांवर सावली पडू नये म्हणून अस्पृश्यांना रस्ता वापरण्याची बंदी होती, पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधावे लागे, हे बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या १९३६ च्या प्रबंधात नोंदवले आहे. ज्या समाजाने माणसाच्या सावलीला वजन दिले त्याच समाजाने दगडाची सावली नाहीशी केली. चमत्काराची कथा सांगणारा वाटाड्या ती सांगता सांगता आपल्याला भिंतीपुढून पुढे नेतो आणि भिंत वाचायची राहून जाते.

भिंत काय सांगते

हे देऊळ चोळ राजा पहिला राजराज याने बांधले. कळसासाठी सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा कलश त्याने आपल्या राज्याच्या २५ व्या वर्षी, २७५ व्या दिवशी दिला, म्हणजे १०१० साली. एवढी नेमकी तारीख आपल्याला ठाऊक आहे याचे कारण राजराजाला नोंदींची विलक्षण आवड होती. आम्ही दिलेले, आमच्या थोरल्या बहिणीने दिलेले, आमच्या राण्यांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले सर्व काही दगडावर कोरावे, अशी त्याची आज्ञाच भिंतीवर कोरलेली आहे. मधल्या काळात लोक हे विसरले होते. बांधणारा कोण याविषयी स्थलपुराणांत भलत्याच कथा चालत. १८८६ पासून मद्रास सरकारच्या सेवेत असलेल्या हुल्ट्श या जर्मन पंडिताने हे लेख वाचून, त्यांचे इंग्रजी भाषांतर 'साउथ इंडियन इन्स्क्रिप्शन्स' या मालेच्या दुसऱ्या खंडात छापले. आपल्यासारख्या तमिळ न येणाऱ्याला या भिंतीशी बोलता येते ते या खंडामुळे.

भिंत प्रथम संपत्तीचा उगम सांगते, आणि तो लपवण्याची गरज तिला वाटत नाही. चेर राजाला आणि पांड्यांना जिंकून लुटलेल्या खजिन्यातून देवाला सोने, रत्ने, भांडी दिली, असे ती अभिमानाने सांगते. नंतर ती गावे मोजते. कोणत्या गावाने दरवर्षी किती कलम भात आणि किती सोने देवळाला पोचवायचे याची यादी येते. त्यात जिंकलेल्या सिंहलद्वीपातील गावेही आहेत. मग ती कर्जे मोजते. देवळाचा पैसा ग्रामसभांना व्याजाने दिलेला आहे. दर शेकडा साडेबारा. देऊळ हे एकाच वेळी जमीनदार, सावकार आणि कोठार होते, हे इथे अनुमानाने काढावे लागत नाही. दगडच ते म्हणतो.

मग माणसे येतात. चोळमंडळातील निरनिराळ्या देवळांतून आणून इथे वसवलेल्या ४०० देवळातल्या स्त्रियांची यादी आहे. प्रत्येकीचे नाव, ती मूळ कोणत्या देवळातली, तिला कोणत्या आळीत कितवे घर दिले, हे सर्व त्यात आहे. प्रत्येकीला वर्षाला १०० कलम भाताचा एक वाटा. त्यांच्यामागून नृत्य शिकवणारे, गायक, वादक, हिशेबनीस, छत्र धरणारे, पाणी शिंपडणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, सुतार, सोनार, कासार असा मोठा परिवार येतो. मुख्य स्थपतीचे नाव कुंजरमल्लन राजराज पेरुंदच्चन. ताजमहाल कोणाच्या हाताने घडला हे सांगताना आपण चाचपडतो. इथे न्हाव्याच्याही पदवीची नोंद आहे. हे मोठेपण मान्य करायलाच हवे.

मात्र नोंद होणे म्हणजे मुक्त असणे नव्हे. २०१० साली देवळाला हजार वर्षे झाली तेव्हा तमिळनाडू सरकारने मोठा सोहळा केला. हजार नर्तक-नर्तकींनी या अंगणात भरतनाट्यम सादर केले. चांगली गोष्ट. पण ज्या ४०० जणींना एका देवळातून उचलून दुसऱ्या देवळात बसवण्यात आले त्यांना कोणी विचारले होते काय, हा प्रश्न त्या सोहळ्यात बसणारा नव्हता. देवदासीप्रथेविरुद्धचा कायदा मद्रास प्रांतात व्हायला १९४७ साल उजाडले.

धनगरांची नोंद तर फारच बोलकी आहे. एक नंदादीप अखंड तेवत ठेवायचा तर ९६ मेंढ्या धनगराच्या हवाली करायच्या आणि त्याने रोज एक उळक्कु तूप घालायचे. गायी असतील तर ४८, म्हशी असतील तर १६. चोळांच्या लेखांत अशा जनावरांना 'न मरणारी, म्हातारी न होणारी' असे विशेषण लावलेले असते. याचा साधा अर्थ असा की मेंढी मेली तर तो धनगराचा तोटा, देवाच्या तुपात घट नाही. त्याच्या मुलाचा, नातवाचा तोटा. चंद्रसूर्य असेतोवर. आपल्याकडचे वतन ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही भाषा समजावून सांगावी लागत नाही. सरकारी काम वंशपरंपरेने गळ्यात पडते आणि त्यालाच मान म्हणायचे असते.

वजावटीचा रकाना

आता त्या शब्दाकडे येऊ. देवळाला लावून दिलेल्या गावांचा हिशेब मांडताना प्रत्येक गावाची एकूण जमीन किती, त्यातून सारा न बसणारी जमीन किती वजा करायची आणि उरलेल्या जमिनीवर देवळाचे भात किती, असा क्रम आहे. वजा करायच्या जमिनीत काय काय येते? गावठाण, देवळे, तळी, गावातून जाणारे पाट, कम्माणच्चेरी म्हणजे कारागिरांची वस्ती, ईळच्चेरी म्हणजे ताडी काढणाऱ्यांची वस्ती, परैच्चेरी म्हणजे परैयरांची वस्ती आणि स्मशान. काही गावांत स्मशानेही दोन. वेळ्ळाळांचे वेगळे, परैयरांचे वेगळे. आणि याच याद्यांत एक शब्द येतो : तीण्डाच्चेरी.

तमिळमध्ये 'तीण्डु' म्हणजे शिवणे. 'तीण्डा' म्हणजे न शिवण्याजोगे. तीण्डाच्चेरी म्हणजे, सरळ मराठीत, अस्पृश्यवाडा. हा कोणा स्मृतिकाराने रागाने घातलेला शाप नाही, की पुराणिकाने रचलेली कथा नाही. जमिनीची मोजणी करणाऱ्या कारकुनाने, पाट आणि तळे लिहिले त्याच शाईने, कोणत्याही भावनेशिवाय लिहिलेला तो महसुली शब्द आहे. मला स्वतःला त्या भिंतीपाशी जी गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते ती हीच. शिवीत निदान राग असतो आणि राग उलटवता येतो. कारकुनाच्या नोंदीत राग नसतो. व्यवस्था पक्की झाल्याचे ते लक्षण असते.

या एका शब्दाने पुष्कळ वाद निकालात निघतात. अस्पृश्यता ही परकीय आक्रमणामुळे आली, असे सांगणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. इंग्रजांच्या जनगणनेने जाती घट्ट केल्या, त्यापूर्वी सारे गुण्यागोविंदाने नांदत होते, असे सांगणारा दुसरा. तंजावरचे जोते १०१० च्या आसपासचे आहे. तेव्हा दक्षिणेत सुलतान नव्हते आणि इंग्रज तर नव्हतेच. एक बलाढ्य, सुव्यवस्थित, स्वदेशी, हिंदू राज्य होते. ते वैभवाच्या शिखरावर असताना त्याच्या हिशेबात अस्पृश्यवाडा ही रोजची, ठराविक बाब होती.

पण आपणही भिंत जे सांगत नाही ते तिच्या तोंडी घालू नये. राजराजाने अस्पृश्यता निर्माण केली असे ती म्हणत नाही. सर्व परैयर भूमिहीन गुलाम होते असेही चोळांच्या लेखांवरून सरसकट म्हणता येत नाही. 'उळुपरैयर' म्हणजे नांगरणारे परैयर असा शब्द लेखांत येतो आणि जपानी इतिहासकार नोबोरू काराशिमा यांनी अशा नोंदी तपासून, अस्पृश्यांची स्थिती शतकांच्या ओघात बदलत गेली याकडे लक्ष वेधले आहे. ही गोष्ट आपल्या विरोधात जात नाही, बाजूने जाते. जे बदलत आले ते सनातन नव्हे. ज्याला इतिहास आहे त्याला सुरुवात असते, आणि ज्याला सुरुवात असते त्याला शेवटही आणता येतो.

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात हीच दिशा दाखवली. अस्पृश्यता अनादी नाही. ती साधारण इसवी सनाच्या ४०० च्या सुमारास, बौद्ध धर्म आणि ब्राह्मणी धर्म यांच्या संघर्षातून आली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. गावाबाहेर राहणाऱ्या विस्कटलेल्या टोळ्यांच्या माणसांनी बौद्ध धर्म सोडला नाही, गोमांस सोडले नाही, म्हणून ते अस्पृश्य ठरले. तमिळ प्रदेशाला हे अनुमान किती लागू पडते हा संशोधनाचा विषय आहे. पण राजराजाच्याच राज्यात, नागपट्टिणमला, श्रीविजयाच्या राजाने बांधलेला चूडामणी विहार उभा होता आणि राजराजाने त्याला आनैमंगलम हे गाव दिले होते, हेही याच इतिहासाचे पान आहे. तिथला जुना मनोरा १८६७ साली मद्रास सरकारच्या परवानगीने ख्रिस्ती पाद्र्यांनी पाडून टाकला. १८५६ पासून त्या परिसरात बुद्धाच्या सुमारे साडेतीनशे धातुमूर्ती जमिनीतून निघाल्या. शिवाचे शिखर उभे राहिले, बुद्ध मातीत गेला आणि चेरी गावाबाहेर राहिली. या तीन गोष्टींचा परस्परसंबंध शोधणे हे आपल्या तरुण अभ्यासकांपुढचे काम आहे.

चोळांच्या ग्रामसभेचे फार कौतुक होते. उत्तरमेरूरच्या ९२१ च्या सुमाराच्या लेखात चिठ्ठ्या टाकून समित्या निवडण्याची पद्धत आहे, आणि भारतीय लोकशाहीचे उगमस्थान म्हणून ती पाठ्यपुस्तकांत आली आहे. त्या लेखात उमेदवाराची पात्रताही दिली आहे : स्वतःची साऱ्याची जमीन, स्वतःच्या जागेवर घर, वेदांचे ज्ञान. चेरीतला माणूस यात बसत नाही हे लिहायची त्यांना गरजच पडली नाही. त्याला वगळण्याचे काम जमीन आणि वेद या दोन शब्दांनी आधीच केले होते.

मराठीतली भिंत

याच देवळात मराठी वाचकाला एक धक्का बसतो. तमिळ आणि ग्रंथ अक्षरांच्या या रानात एकाएकी ओळखीची लिपी दिसते. नैर्ऋत्येकडील भिंतीवर मराठी भाषेत एक प्रचंड लेख कोरलेला आहे : भोसले वंशाचे चरित्र. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७० नंतरच्या दशकात तंजावर घेतले आणि तिथे मराठ्यांचे राज्य सुरू झाले. त्यांचा वंशज दुसरा सरफोजी याच्या आज्ञेने, बाबुराव चिटणिसाने रचलेला हा लेख १३ डिसेंबर १८०३ रोजी पुरा झाला. मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख म्हणून त्याचा उल्लेख होतो.

सरफोजी विद्याव्यासंगी होता यात शंका नाही. सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह त्याने वाढवला, वैद्यकात रस घेतला, छापखाना आणला. पण १८०३ साली तो कशाचा राजा होता? १७९९ च्या तहाने राज्य कंपनी सरकारकडे गेले होते; त्याच्या हाती किल्ला, तनखा आणि देवळे उरली होती. राज्य गेल्यावर चार वर्षांनी वंशावळ दगडावर कोरली गेली. सत्ता गेली तरी कूळ उरावे, ही त्यामागची धडपड आहे.

राजराजाचे लेख आणि सरफोजीचा लेख शेजारी ठेवून पाहावेत. चोळाने निदान मेंढ्या, पाट, न्हावी आणि चेरी मोजली. ८०० वर्षांनी आपल्या भाषेत जे कोरले गेले त्यात राजांच्या पिढ्या आहेत, लढाया आहेत, तह आहेत. तंजावरची भातखाचरे कोण कसत होते याचा त्या वंशचरित्राशी काही संबंध नाही. त्यासाठी इंग्रजांच्या दफ्तराकडे वळावे लागते. १८१९ च्या सुमारास मद्रासच्या महसूल मंडळाने गुलामगिरीविषयी जिल्हाधिकाऱ्यांकडून माहिती मागवली. कावेरीच्या खोऱ्यातील पळ्ळर आणि परैयर हे मिरासदारांच्या जमिनीला बांधलेले गुलाम मजूर होते हे त्या पत्रव्यवहारातून स्पष्ट होते. कायद्याने गुलामगिरीची मान्यता १८४३ साली गेली. पण 'पण्णैयाळ' म्हणजे बांधील सालदार या नावाने ती पद्धत पुढे शंभर वर्षे चालली. देवळाचे भात त्यांनी पिकवले. देवळात त्यांना मज्जाव होता.

अग्नीतून आत

तमिळ शैव परंपरेत ६३ नायन्मार म्हणजे संत मानले जातात. त्यांतला एक आदनूरचा नंदनार, जातीने पुलैयर. बाराव्या शतकातील सेक्किळारच्या 'पेरियपुराणम्' या ग्रंथात त्याची कथा आहे. तो देवळांतील भेरींसाठी चामडे आणि वाद्या पुरवी, वीणेसाठी तात पुरवी. देवाच्या कानी जाणारा आवाज त्याच्या हातच्या कातड्याचा होता. तो स्वतः बाहेर उभा राही. तिरुप्पुंगूरला त्याला दर्शन व्हावे म्हणून शिवाने नंदीला बाजूला सरकायला सांगितले, अशी कथा आहे. नंदी सरकला. पण नंदनार आत गेला नाही. पुढे त्याला चिदंबरमच्या नटराजाची ओढ लागली. तेव्हा देवाने तोड काढली ती अशी : अग्निकुंडात प्रवेश कर आणि शुद्ध होऊन ये. नंदनार आगीत शिरला आणि अंगावर जानवे घातलेला ब्राह्मण ऋषी होऊन बाहेर आला. मग त्याला आत नेले, आणि तो देवात विलीन झाला.

ही कथा भक्तीचा विजय म्हणून सांगितली जाते. आपण ती पुन्हा एकदा सावकाश वाचावी. परैच्चेरीतला माणूस देवळात गेला काय? नाही. तो आगीत गेला. देवळात गेला तो ब्राह्मण. दगडाचा नंदी हलू शकतो, पण उंबरठा हलू शकत नाही, हे या कथेचे सार आहे.

आपल्या चोखोबाची आठवण येथे न येणे अशक्य आहे. मंगळवेढ्याला वेस बांधताना भिंत कोसळून तो आपल्या सोबत्या मजुरांसह गाडला गेला. त्याची समाधी पंढरपूरला आहे, पण महाद्वाराबाहेर. तमिळ देशाने आपला संत जाळून आत घेतला. आपण आपला संत पुरून बाहेर ठेवला. दोघांच्या ओव्या आणि कथा देवळात चालल्या, आणि दोघांचे जातभाई शतकानुशतके बाहेर राहिले.

नंदनारची आग ही पुराणातच राहिली असती तर बरे झाले असते. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील किळवेण्मणी या गावी, मजुरीत थोडे भात वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर जमीनदारांच्या माणसांनी हल्ला केला. जीव वाचवायला एका झोपडीत शिरलेली ४४ माणसे जिवंत जाळली गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. १९७३ साली मद्रास उच्च न्यायालयाने आरोपी जमीनदारांना निर्दोष सोडले. एवढे श्रीमंत, प्रतिष्ठित लोक स्वतः चालत जाऊन असे काम करतील हे पटण्याजोगे नाही, असा त्या निकालातील विचाराचा रोख होता. बृहदीश्वराच्या भिंतीवर ज्या भाताची मापे कोरली आहेत ते हेच भात, ही तीच कावेरी, ही तीच चेरी. फरक एवढाच की या आगीतून कोणी ऋषी होऊन बाहेर आला नाही.

प्रवेश आणि त्यापुढे

१८९२ साली मद्रास महाजन सभेच्या बैठकीत पंडित अयोत्तिदास (१८४५–१९१४) यांनी विचारले की, शिव आणि विष्णू सर्वांचे देव आहेत तर परैयरांना त्यांच्या देवळात का येऊ देत नाही? तंजावरकडून आलेले एक शास्त्री उठले आणि म्हणाले की, ते देव तुमचे नाहीत. तुमच्यासाठी काटेरी, मदुरैवीरन असे वेगळे देव आहेत. अयोत्तिदासांचे उत्तर आपण पाठ करून ठेवावे असे आहे. त्याचा आशय असा : मग तुमचे देव आम्हाला नकोत. आमच्या मुलांना चौथीपर्यंत मोफत शिक्षण द्या आणि पडीक सरकारी जमिनी आमच्या लोकांना द्या. सहा वर्षांनी, १८९८ साली, त्यांनी मद्रासला शाक्य बौद्ध संस्था स्थापन केली.

हा क्रम लक्षात घ्यावा : देवळाचा प्रश्न, नकार, शिक्षण आणि जमिनीची मागणी, मग बुद्ध. बाबासाहेबांच्या मार्गाचा क्रम याहून निराळा नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १९३३ च्या फेब्रुवारीत मंदिरप्रवेशाच्या विधेयकावर निवेदन काढून बाबासाहेबांनी सांगितले की, दलितांच्या उन्नतीचा खरा मार्ग उच्च शिक्षण, चांगल्या नोकऱ्या आणि उपजीविकेची चांगली साधने हा आहे. अस्पृश्यतेला पाप न म्हणणाऱ्या विधेयकाला ते पाठिंबा देऊ शकत नव्हते. १९३५ साली येवल्याची घोषणा झाली. दक्षिणेत आणि महाराष्ट्रात, एकमेकांपासून ५८ वर्षांच्या अंतराने, दोन विचारवंत एकाच अनुभवातून एकाच ठिकाणी पोचले. हा योगायोग मानता येत नाही. चेरीतून आणि महारवाड्यातून निघणारी वाट नीट तपासली तर ती त्याच दिशेला जाते.

दारे उघडलीही. ८ जुलै १९३९ रोजी मदुरैच्या मीनाक्षी मंदिरात ए. वैद्यनाथ अय्यर यांनी पाच दलित आणि एक नाडार अशा सहा जणांना आत नेले. पुजाऱ्यांपैकी काहींनी कामावर यायचे नाकारले. सरकारने मंदिरप्रवेशाला संरक्षण देणारा कायदा केला. त्याच वर्षी तंजावरच्या भोसले घराण्यातील राजाने, वंशपरंपरागत विश्वस्त या नात्याने, बृहदीश्वराचे दारही अस्पृश्यांना उघडले. १०१० पासून मोजले तर ९२९ वर्षे लागली. आपल्याकडे पंढरपूरसाठी साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. या प्रयत्नांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. २०२१ साली तमिळनाडूत प्रशिक्षण घेतलेल्या निरनिराळ्या जातींच्या अर्चकांच्या नेमणुका झाल्या, त्यांत दलितही होते. हेही पुढचे पाऊल आहे. पण दार उघडल्याने रकाना पुसला जात नाही.

आज वाद कशावर होतात ते पाहा. २०२० च्या फेब्रुवारीत बृहदीश्वराचा कुंभाभिषेक झाला, तेव्हा मंत्र संस्कृतात की तमिळमध्ये, हा वाद न्यायालयापर्यंत गेला आणि दोन्ही भाषांत करण्याचे ठरले. भाषेचा हा हक्क योग्यच आहे. पण २०१९ च्या जूनमध्ये चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांनी कुंभकोणमजवळच्या एका सभेत राजराजाचा काळ दलितांच्या दृष्टीने काळाकुट्ट होता, त्यांच्या जमिनी त्या काळात गेल्या, असे म्हटले तेव्हा त्यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला आणि त्यांना अटकपूर्व जामिनासाठी न्यायालयात जावे लागले. त्यांच्या विधानातील तपशिलावर मतभेद असू शकतात. ते लेख पुढे ठेवून मिटवावेत. परंतु राजाच्या वैभवाबद्दल बोलायला परवानगी लागत नाही आणि त्याच राजाच्या चेरीबद्दल बोलायला वकील लागतो, ही स्थिती आहे.

'परै' म्हणजे चामड्याचे वाद्य, आपल्या हलगीचे भाऊबंद. तमिळमध्ये याच शब्दाला 'सांगणे' असाही अर्थ आहे. ज्यांच्या नावातच सांगणे आहे त्यांना हजार वर्षे काही सांगू दिले नाही. त्यांच्याविषयी दुसऱ्यांनी सांगितले, तेही वजावटीच्या रकान्यात. ही कोंडी फोडायची तर आपल्या मुलामुलींनी शिलालेख वाचायला शिकले पाहिजे. जुन्या लिप्या, मोडी, तमिळ, पाली शिकल्या पाहिजेत. गावोगावच्या देवळांची जोती, वतनाची कागदपत्रे, महसुली दफ्तरे आपल्या डोळ्यांनी तपासली पाहिजेत. देव शोधायला नव्हे, आपल्या वस्तीची हद्द शोधायला. विद्यापीठांत इतिहासाच्या वर्गात आपली संख्या आज बरी आहे. पुराभिलेखाच्या वर्गात ती फार थोडी आहे.

दक्षिणेच्या सहलीला जाणाऱ्यांनी तंजावर जरूर पाहावे. शिखर पाहावे, तमिळ कारागिरांच्या हाताला मनापासून दाद द्यावी. ते हात राजाचे नव्हते, श्रमिकांचे होते. आणि मग विमानाच्या जोत्याशी खाली वाकून, ज्या ओळींत पाट, तळे, स्मशान आणि तीण्डाच्चेरी ओळीने मांडली आहेत त्या ओळी शोधाव्यात. हजार वर्षे त्या ओळींवरून लोक नजर न टाकता पुढे गेले. आता त्या वाचणारे आले आहेत.